आत्याबाईचा हात अन् पोस्टाचा काटा

आमची आत्याबाई जगातल्या कोन्त्याबी वस्तूकडं एकाच नजरेनं पाह्यते, का हे पोस्टानं पाठवाचं म्हटलं तर किती लागन. मी वाढवून सांगत नाई. तिच्यासमोर पपई ठेवा, पान्याचा पितळेचा गुंड ठेवा, सोयऱ्याची नवी नवरी उभी करा, आत्याबाई डावा हात पुढं करन, डोळे मिटन अन् सांगन का हे कितव्या अर्ध्या किलोत बसते. नवरीले काही थे हातावर घेत नाई, पन नजर तीच. माह्या लग्नात मले ओवाळतानी तिनं बाजूच्या बाईले हळूच म्हटलं, "पोरगी सुकी हाये, पॅकिंगच लय हाये," अन् मी त्या जड शालूत आंग चोरून उभी, मले वाटलं हे काय म्हनून राह्यली माय, आपलं आता कसं होईन. मले तवा सगळ्याचंच भेव वाटे. पालीचं वाटे, फोनचं वाटे, अन् आत्याबाईचं तर सगळ्यात जास्त.

आत्याबाई म्हनजे आमच्या ह्यांची सख्खी आत्या. हे लहान होते तवाच ह्यांची माय गेली, तवापासून वाढवलं ते आत्याबाईनं, तिले स्वतःचं लेकरू नाई, मालकबी लवकर गेले. मंग हे मोठे झाले अन् कामाले सुरतेले गेले, कपड्याच्या कारखान्यात, अन् आत्याबाईच्या हाताले जे रांधाची सवय होती थे काही गेली नाई, खानारा गेला. तिथून तिचं पोस्ट सुरू झालं. लग्न होऊन मी कारंज्यात आली तवा ह्यांच्याजवळ तिथं धड खोली नोयती, कामावरचे सगळे मिळून एका खोलीत राहत, म्हनून मी आत्याबाईजवळच राह्यली. आमच्या दोघींचा संसार म्हनजे सुरतेचं पार्सल. नवरा-बायकोत पत्रं जातात, आमच्यात पापड जात.

"पोरी, पोस्टाचा कायदा एकच हाये," तिनं मले आल्या आल्या सांगतलं, दुसऱ्या घरी सासवा चूल दाखवतात, हिनं हे दाखवलं. "पोस्ट अर्ध्या अर्ध्या किलोनं मोजते. अर्ध्या किलोच्या वर चिमूटभर गेलं का पुढचा अर्धा किलो पुराच्या पुरा धरते." पोस्टात भिंतीवर पाटी होती, तिच्यावर लिहिलं होतं, ‘प्रत्येक पाचशे ग्राम किंवा त्याचा भाग’. आत्याबाई दुसरीपर्यंत शिकलेली, पन हे तिले पाठ. "हे जे ‘किंवा त्याचा भाग’ हाये नं," थे म्हने, "इथं मानूस फसते. तो भागच होऊ द्याचा नाई." मंग तिचं सगळं आयुष्य त्या भागाच्या मागं लागलं. मिरच्या पाठवाच्या तर देठं मोडून, का सुरतेले देठं कोन खाते. पापड दोनदा उन्हात, का पान्याचं वजन आपल्या डोक्यावर काऊन. पावसाळ्यात तर थे पार्सलच पाठवत नोयती, म्हने या दिवसात हवाच ओली असते, आपन चिवडा पाठवतो अन् पोस्ट आभाळाचे पैसे घेते. खोबऱ्याची वरची काळी साल काढे. लसनाचं सालपट फुंकून उडवे. एकदा मी पाह्यलं, थे उन्हात बसून शेंगदान्याची लाल टरफलं एक एक करून काढून राह्यली. मी म्हटलं, "अवो आत्याबाई, हे कशाले?" तर म्हने, "तू खानार हायेस का थे टरफल? तो खानार हाये का? मंग पोस्टानं काऊन वाह्याचं?"

तवा पार्सल कापडात शिवून जाये, वरून टाक्यावर लाखेचं सील. अन् कापडाचंबी वजन धरतात, दोऱ्याचंबी धरतात, लाखेचंबी धरतात, हे आत्याबाईले पोस्टाचं सगळ्यात मोठं पाप वाटे. म्हने मालाचे पैसे घ्या, लुगड्याचे काऊन घेता? मंग तिनं मालकाची जुनी धोतरं काढली, धू-धू धुऊन अशी झिरझिरीत झालेली का आतले लाडू बाहेरून मोजता येत. टाके मात्र असे बारीक, असे जवळ जवळ का मशीन लाजन. "कापड पातळ चालते, टाका पातळ चालत नाई," हे तिचं म्हननं. पत्ता मी लिहो, आठवी शिकली नं मी, तर माह्यामागं उभी राहून थे बोले, "नाव, गल्ली, पिनकोड, बस झालं. ‘रा. रा.’ कायले? ‘यांसी’ कायले? शाईबी काही फुकट नाई येत." शाईचं वजन काय होते, पन तिच्यासमोर हसाची माही हिंमत नोयती.

अन् पोस्टात गेली का खरी गंमत. पोस्टमास्तर चांगले होते, जाडे, चष्मेवाले, आत्याबाई दिसली का खुर्ची जरा मागं सरकवून घेत, पहिलवान उतरला का समोरचा मांड्या थोपटते तसं. पार्सल काट्यावर जाये. काटा रेघेच्या जरासा पुढं गेला का आत्याबाई म्हने, "थांबा मास्तर," अन् तिथंच, लायनीतले सगळे लोक पाहून राह्यले, थे कंबरेची सुई काढे, टाका उसवे, आतून एक लाडू काढे, मास्तरच्या हातावर ठेवे, अन् परत शिवे. लायनीतले कन्हत, "अवो आत्याबाई, आमचा ट्रॅक्टर बाहेर उभा हाये, भराचा राह्यला नं." थे म्हने, "तुमचा ट्रॅक्टर काई पळून जात नाई, माहा अर्धा किलो पळून जाईन." मास्तर तो लाडू तिथंच खात. आमच्या लोकांचं म्हननं असं का मास्तरांचं पोट सरकारी पगारानं सुटलं नाई, आत्याबाईच्या वरच्या भागानं सुटलं.

पन कोनी म्हनन का हे नुसतं कंजूसपन, तर थे खोटं हाये, मी खरं सांगते. काटा रेघेच्या मागं राह्यला तरीबी तिले चैन पडे नाई. "पुऱ्या अर्ध्या किलोचे देऊन राह्यलो नं आपन? मंग पोस्टाले रिकामी जागा दान काऊन द्याची?" तिच्या ओच्यात नेहमी फुटाने राहत. परत टाका उसवाचा, फुटाने सोडाचे, एक मूठ, अर्धी मूठ, मंग बोटानं एक एक दाना, काटा रेघेवर येऊन असा उभा राहे जसा शाळेत पोरगा राष्ट्रगीताले. तिचं पार्सल कधी वाजे नाई. हातात घेऊन हलवा, आतून आवाजच नाई, इतकं गच्च. ह्यांच्या खोलीतले पोट्टे म्हनत, तुह्या आत्याचं पार्सल फोडाले हातोडी पायजे. पुढं पुढं तर थे काट्याकडं पाहेच नाई, घरीच डाव्या हातावर तोलून, डोळे मिटून, "दोन मुठी कमी," "चार दाने जास्त," असं करून शिवे अन् पोस्टात नुसतं टेकवे, मास्तर काट्याकडं पाहून म्हनत, "बरोबर," अन् त्याइले लाडू मिळे नाई म्हनून जरा तोंड पाडत.

पोस्टाच्या या कायद्यानं तिचे विचारबी वेगळेच झाले. साध्या पार्सलाले दूर-जवळ काही नसते, नागपूरले पाठवा का पार काश्मिरात पाठवा, वजन तेच तर भाव तोच. हे कळलं तवापासून तिले नागपूरले पार्सल पाठवनं म्हनजे पोस्टाच्या घरी पानी भरनं वाटे. जवळच्या सोयऱ्याले थे एसटीच्या कंडक्टरजवळ पुडकं दे, दूरच्यालेच पोस्ट. शेजारी पोरीचं स्थळ पाह्याले लोक बसले, एक स्थळ आर्वीचं, एक भिलाईच्या तिकडचं, तर आत्याबाई मधातून म्हने, "दूर द्या, दूर. पार्सलाले तेवढेच पडतात." त्या पोरीची माय रडाले लागली. मानसंबी थे अशीच वाटून ठेवे. ज्या बाईच्या पोटात काही राहत नाई थे ‘बुकपोस्ट’, कारन बुकपोस्टाचं पाकीट उघडंच असते, कोनीबी वाचा. मी नवी नवी घाबरून कोनाशी बोलो नाई, तर म्हने, "आमची सुनबाई रजिस्टर हाये, सही घेतल्याशिवाय उघडतच नाई."

तिची हार मी एकदाच पाह्यली. वर्ध्याले नवं कुरियरचं दुकान निघालं होतं, कोनी म्हटलं का तिथून दोन दिवसात जाते, तर थे मले संग घेऊन ह्यांच्यासाठी कापसाची उशी घेऊन गेली, आपल्याकडचा चांगला पिंजलेला कापूस, फुलासारखी हलकी. आत्याबाई खुश, म्हने वजन तर काहीच नाई, आज आपन जिंकलो. त्या दुकानवाल्यानं काटा बाजूले ठेवला अन् टेप काढला. लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली. आत्याबाई पाहतच राह्यली. "काहो, वजन कराले टेप कायले लागते? मी उशी पाठवून राह्यली का ब्लाउज शिवाले टाकून राह्यली?" तो शांतपने म्हने, "मावशी, वजन नाई हिच्यात, पन गाडीत जागा खाते नं थे. लांबी-रुंदी-उंचीचा हिशेब करून आम्ही तिचं वजन धरतो. काट्याचं अन् टेपचं, जे जास्त थे लागते." तिनं उशी काखेत मारली अन् तशीच एसटीत बसली. पुऱ्या रस्त्यानं बोलली नाई. कारंज्याच्या स्टँडवर उतरल्यावर म्हने, "पोरी, तो बरोबर बोलला, म्हनूनच राग आला." मंग तिनं हेबी शिकून घेतलं. ह्यांचे एक दूरचे मामा सुट्ट्याइत येऊन ओसरीत आडवे पडत, काम काडीचं नाई, त्याइच्याकडं पाहून थे मले हळूच म्हने, "याले टेप लावा लागते."

आता जे सांगाचं हाये थे सांगते. माही पोरगी आठव्या महिन्यातच झाली. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं मले, गाडीत मी आत्याबाईचा हात असा धरून ठेवला का तिच्या बांगड्या वाकल्या. पोरगी झाली, रडलीबी, पन इतकुशी, इतकुशी, लाल लाल, बोटं तर तुरीच्या शेंगेसारखी. सिस्टर म्हने सव्वा किलोच्या वर थोडीशी हाये. मी पाह्यलं अन् मले वाटलं हे काही जगत नाई. मी रडाले लागली. आत्याबाईनं मात्र पदर खोचला, माह्याजवळ आली अन् म्हने, "सव्वाच्या वर हाये म्हनते नं? मंग पोस्टाच्या हिशेबानं दीड किलो झाली. रडतेस काऊन?"

डॉक्टरीनबाईनं सांगतलं का पोरगी दूध नीट पिऊ लागली अन् पावने दोन किलोच्या वर गेली का घरी न्याची, त्याच्या आधी नाई. काही दिवस तिले काचेच्या पेटीत ठेवलं, मंग म्हने आता मायच्या छातीशी उघड्या आंगाले लावून ठेवा, मायची ऊब लागली का लेकरू वाढते. पन कसं ठेवाचं, मी तर हात लावालेच भेओ, मोडन का काय. सिस्टरनं कपडा गुंडाळून दाखवला, माह्याकडून तो सुटून जाये. आत्याबाई म्हने, "सरका." कंबरेतून सुई काढली, पिशवीतून तेच धोतराचं धुतलेलं कापड काढलं, माहं माप घेतलं, पोरीचं घेतलं, अन् बसल्या बसल्या अशी झोळी शिवली का पोरगी माह्या छातीवर चिकटून बसली, डोकं वर, नाक मोकळं, पाय बेडकासारखे. तेच बारीक टाके. मंग दोन्ही बाजूनं ओढून पाह्यलं अन् म्हने, "हां. पॅकिंग पक्की पायजे, मंग माल कुठंबी पोचते." सिस्टर पाह्याले आली, म्हने आजी, चांगलं शिवलं, आनखीन दोघींले शिवून द्या. तर आत्याबाईनं त्या वार्डातल्या सगळ्या मायांचं पार्सल करून टाकलं.

रोज सकाळी पोरीचं वजन होये. अन् तिथं आत्याबाईचं सगळं आयुष्य उलटं झालं. जिनं मिरचीची देठं मोडली, शेंगदान्याची टरफलं काढली, थे बाई वजनाच्या टायमाले पोरीले टोपी घाले, दोन दोन मोजे घाले, कंबरेले करदोटा, हातात काळे मनी, अन् वरून लंगोटबी दुहेरी. सिस्टर एक एक काढे. "आजी, उघडं वजन पाह्यजे."

"अवो, पोस्टात तर कापडाचं धरतात!"

"हे पोस्ट नाई, आजी."

"थेच तर चुकते नं इथं."

एक दिवस पोरगी दीड किलोच्या वर गेली, जराशीच. आत्याबाई सिस्टरच्या मागं मागं फिरे. "बाई, तुमच्याजवळ ‘किंवा त्याचा भाग’ नाई का? दीडच्या वर चिमूटभर गेलं नं, मंग दोन धरा लागते. कायदा हाये. दोन धरा अन् आमाले जाऊ द्या." सिस्टर हसून हसून बेजार, तिनं डॉक्टरीनबाईले सांगतलं, डॉक्टरीनबाई आली, म्हने, "आजी, आम्ही दोन धरले, पन थंडी नाई धरनार नं, खोकला नाई धरनार. पोरीले खरंच वाढू द्या." आत्याबाईनं मान हालवली. मले म्हने, "पोस्टापेक्षा कडक हायेत हे लोक. चांगलं हाये."

अन् मंग एका सकाळी वजन कमी भरलं. काल होतं त्याच्याहून कमी. सिस्टर म्हने होते असं, घाबरू नका, पन माहे हातपाय गार, मी झोळीत पोरीले घेऊन बसली अन् मले तिचा श्वास मोजाची हिंमत होये नाई. आत्याबाईबी बोले नाई. आत्याबाई बोलत नाई हे मी त्या उशीच्या दिवसानंतर पहिल्यांदा पाह्यलं, अन् त्याचंच मले जास्त भेव वाटलं. मंग थे उठली, हात धुतले, पोरीले माह्याजवळून घेतलं, डाव्या हातावर ठेवलं, डोळे मिटले. लय वेळ तशीच उभी. बाजूच्या खाटेवरच्या बायाबी पाह्याले लागल्या. मंग डोळे उघडले अन् म्हने, "काटा काहीबी म्हनो. कालच्यापेक्षा जड हाये."

मी म्हटलं, "खरं सांगता आत्याबाई?"

"वजनात मी कधी खोटं बोलली का व?"

नोयती बोलली. एका फुटान्याचंबी खोटं बोलली नोयती. म्हनून मी विश्वास ठेवला, अन् माहे हात गरम झाले, अन् पोरगी पिऊ लागली. पुढच्या दिवसापासून काटाबी वर जाऊ लागला. आता मी मोठी झाली, दुनिया पाह्यली, आता कधी कधी वाटते का त्या दिवशी काटाच खरा होता. पन हे मी तिले कधी विचारलं नाई, अन् विचारनारबी नाई.

घरी आनलं तवा पोरगी गुलाबी झाली होती. आत्याबाईनं वार्डात लाडू वाटले, सिस्टरले वाटले, खाली गेटवरच्या मानसाले वाटले, अन् पोरगी जराशी घट्ट झाल्यावर एक दिवस मले म्हने, "चाल." मले वाटलं मंदिरात. आम्ही गेलो थेट पोस्टात. हेबी तवा सुरतेवरून आलते, हेबी मागं मागं. मास्तरांनी नेहमीसारखी खुर्ची मागं सरकवली. आत्याबाईनं पोरीले उचललं अन् पार्सलाच्या काट्यावर फडकं टाकून अल्लद ठेवलं.

मास्तर उभेच राह्यले. "अवो आत्याबाई, जित्तं मानूस पोस्टात घेत नाई!"

"पाठवाचं कोनाले हाये? मोजाचं हाये. मोजा."

मास्तरांनी चष्मा पुसला, वाकून पाह्यलं. पोरीनं त्या काट्यावर पाय झाडले, काटा नाचला, मंग थांबला. म्हने, "दोन किलोच्या वर हाये जराशी. भाग हाये आत्याबाई." अन् मंग खट्याळपनानं हात पुढं केला, "काढून घ्याचा असन नं? द्या लाडू इकडं."

"आज काही काढाचं नाई," आत्याबाई म्हने. "दोनच्या वर भाग गेला तर तुमी किती धरता?"

"अडीच."

"मंग मोठ्यानं म्हना नं!"

अन् त्या भल्या मानसानं, मनीऑर्डरची लायन लागलेली, पोस्टमन टपाल निवडून राह्यले, सगळ्यांसमोर छाती फुगवून मोठ्यानं म्हटलं, "अडीच किलो!" लायनीतल्या एकानं टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर रेघेच्या आत राह्यलेली आमची आत्याबाई, रेघ ओलांडली म्हनून पोस्टाच्या खिडकीत रडली. मास्तरले त्या दिवशी लाडू नाई, डबाच मिळाला.

त्याच्यानंतर ह्यांनी सुरतेले खोली घेतली, मी पोरीले घेऊन तिकडं गेली. आत्याबाईले लय म्हटलं चाला, पन थे म्हने, "मी आली तर पार्सल कोन पाठवन?" तिचं पार्सल येतच राह्यलं, आता त्याच्यात पोरीसाठी वेगळी पुडी राहे. मीबी आता भेत नाई, सुरतेत एकटी बाजार करते, बँकेत जाते, पोस्टमनशी गुजरातीत भांडते, हे सगळं आत्याबाईच्या लायनीत उभं राहून शिकली मी. आता पार्सलावर वजनाची छापील चिठ्ठी चिकटून येते, पोस्टात कंप्युटर आला नं. मी कधी थे चिठ्ठी पाहो नाई, पाह्याचं काय कामच नोयतं.

पन मागच्या उन्हाळ्यात पार्सल हातात घेतलं अन् थे वाजलं. हलवलं तर आतून खुळखुळ. आत्याबाईचं पार्सल अन् वाजते? मी चिठ्ठी पाह्यली, रेघेच्या बरीच मागं. मले वाटलं घाईत राह्यलं असन. पुढचं आलं, त्याच्यात आनखीन जागा. टाके तसेच बारीक, कापड तसंच, कुठं उसवलं नाई, कोनी काढलं नाई. मंग मी त्या पार्सलाजवळ बसली अन् मले समजलं. थे काट्याकडं पाहतच नाई नं, हातावरच तोलते. हात थकला का थोडंबी जड लागते. तिले वाटते भरलं. जुने मास्तर असते तर म्हनले असते, आत्याबाई, दोन मुठी कमी, पन थे केव्हाच रिटायर झाले, नवा मानूस नुसता शिक्का मारते.

तिचा फोन येते शेजारच्याच्या मोबाईलवरून, अन् पहिला सवाल तोच.

"पार्सल पोचलं का व?"

"पोचलं, आत्याबाई."

"काठोकाठ होतं नं? काही जागा तर नोयती राह्यली?"

"गच्च होतं. ह्याइनं हातोडीनं फोडलं."

थे तिकडं हसते. वजनात मी आता दर फोनवर खोटं बोलते.

यंदा दिवाळीले आम्ही कारंज्याले चाललो. पोरगी पहिलीत गेली, चांगली आंगानं भरली, गुजराती पोट्ट्याइले ढकलून देते. आत्याबाईनं फोनवर सांगतलं, "आन तिले, हातावर घेऊन पाह्यते कितीची झाली थे." तवापासून मले धाकधूक हाये, पोरीची नाई, त्या डाव्या हाताची. मी पोरीले शिकवून ठेवलं, का आजीनं उचलाले हात लावला का तू हळूच टाचा वर करजो, जराशी उडी मारजो, आजीले कळू देऊ नको. थे रोज गादीवर उडी मारून पाह्यते, येते आता तिले. अन् तरीबी नाई उचलली गेली, तर मी मास्तरासारखी छाती फुगवून, पुऱ्या ओसरीले ऐकू जाईन असं मोठ्यानं म्हननार हाये, का आत्याबाई, पोट्टी लय जड झाली वो, पुढच्या अर्ध्या किलोत गेली. त्याच्याहून गोड काही आत्याबाईले ऐकाचंच नाई.